शेव्हरोले ‘अ‍ॅडव्हान्स डिझाइन’ : साल कसे ओळखाल?

अमेरिकेतील युद्धोत्तर पिकअप मालिका. काळ : १९४७ ते १९५५ची सुरुवात.

• १९४७ : तीन गिअरच्या गाडीत गिअरचा दांडा जमिनीवर.
• १९४८ : तोच दांडा स्टिअरिंगखाली.
• १९४९ : पेट्रोलची टाकी हौद्याखालून केबिनमध्ये, सीटमागे.
• १९५१ : दाराच्या पुढच्या कोपऱ्यात हवेसाठी उघडणारी छोटी त्रिकोणी काच.
• १९५२ : दाराची मूठ खाली वळवायची नाही, बटण दाबायचे.
• १९५४ : समोरची काच एकसंध, वक्र. आधी दोन तुकडे, मधोमध उभी पट्टी. पाच आडव्या पट्ट्यांची जाळीही बदलली.

लक्षात ठेवा : एका सालाचे दार दुसऱ्या सालाच्या गाडीला बसते. किमान दोन-तीन खुणा जुळवून पाहा.