‘इग्रीजस’ म्हणजे कौतुक नव्हे! वाक्यात कसा वापराल हा शब्द?

साहेबांच्या निरोपाच्या कार्डवर ‘युवर इग्रीजस सर्व्हिस’ असं लिहिलंत, तर पंचाईत होईल. या इंग्रजी विशेषणाचा आजचा अर्थ आहे ‘घोर’, ‘ढळढळीत वाईट’.

गंमत म्हणजे हा शब्द मुळात चांगला होता. लॅटिनमध्ये ‘एक्स’ म्हणजे बाहेर, ‘ग्रेक्स’ म्हणजे कळप. कळपातून उठून दिसतो तो इग्रीजस! 16व्या शतकात इंग्रजीतही तो ‘नामांकित’ या अर्थाने चालायचा. मग लोक तो उपरोधाने वापरू लागले आणि उपरोधच अर्थ होऊन बसला. आपल्याकडे ‘महाभाग’चं तेच झालं की! इटालियनमध्ये मात्र त्याचाच भाऊ ‘एग्रेजो’ आजही पत्राच्या मायन्यात आदराने लिहितात.

हा शब्द बहुधा चूक, अन्याय, उल्लंघन यांच्या आधी येतो. ‘इट वॉज ॲन इग्रीजस एरर’ म्हणजे ती अक्षम्य चूक होती. ‘ॲन इग्रीजस व्हायोलेशन ऑफ ह्यूमन राइट्स’ म्हणजे मानवी हक्कांची घोर पायमल्ली. स्पेलिंगच्या किरकोळ चुकीला मात्र तो फार जड होतो. तिथे साधा ‘बॅड’ पुरे.