लस टिकते ती यंत्रणेमुळे

हिंगोलीहून कळमनुरी तालुक्यातल्या डोंगरकड्याच्या बाळापर्यंत पोहोचेपर्यंत पेंटाव्हॅलंट लस सतत २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहावी लागते. फ्रीज, गाडी, लसीचा डबा, परिचारिका हे सुटे भाग. एका उद्देशाने जोडले गेले, की त्यांची यंत्रणा होते. या यंत्रणेला आपली चूक वेळीच कळावी लागते. उष्णता लागत गेली, की कुपीवरचा आतला चौकोन गडद होत जातो. बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला, की कुपी बाद. पण लस गोठून निकामी झाली, तर ही खूण काहीच सांगत नाही. तिथे दिवसातून दोनदा केलेली तापमानाची नोंद सावध करते. म्हणून नुसता नवा फ्रीज पुरत नाही. नोंद राहिली, तर लस टोचूनही बाळाला घटसर्प किंवा डांग्या खोकला गाठू शकतो.