दट्ट्या, झडप आणि छर्रा

मल्टी-पंप एअर रायफलमध्ये छर्रा उडवायला लागणारी हवा प्रत्येक बाराआधी हाताने पंप मारून भरावी लागते. नळीखाली डाव्या हाताने धरायचा जो लाकडी भाग असतो, तोच या बंदुकीत पंपाचा दांडा होतो. तो खाली ओढून पुन्हा वर मिटवला की एक पंप झाला. असे तीन ते आठ, काही बंदुकांत दहा पंप मारायचे, एक छर्रा भरायचा, नेम धरून चाप ओढायचा. साठलेली हवा एका बारात संपते आणि पुढच्या बारासाठी सगळे पहिल्यापासून करावे लागते. युरोपात विसाव्या शतकात स्प्रिंगच्या एअरगनने बाजार व्यापला, तर हाताने हवा भरायच्या या बंदुका मुख्यतः अमेरिकेत वाढल्या. आज जुन्या बंदुका जमवणारे ज्यांच्या मागे असतात त्या बेंजामिन, क्रॉसमन आणि शेरीडन या तिन्ही नावांचा जन्म तिथलाच आहे.

महाराष्ट्रात एअरगन म्हटली की जत्रेतली फुगे फोडायची बंदूक डोळ्यांपुढे येते. तिची जात वेगळी. तिची नळी खाली वाकवली की आत एक जाड स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढल्यावर ती सुटते, जड दट्ट्या पुढे धावतो आणि हवा त्याच क्षणी दाबली जाते. छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच बंदूक आधी मागे आणि मग पुढे हिसका देते. त्यामुळे ती प्रत्येक वेळी एकसारखी धरली नाही तर नेम हलतो. मल्टी-पंपमध्ये हवा आधीच दाबून ठेवलेली असते. चाप ओढल्यावर आत फक्त एक छोटा हातोडा हलतो. हिसका जवळजवळ नसल्याने नवख्याच्या हातातही ती बरी चालते.

आतली रचना ज्याने रॉकेलचा स्टोव्ह उघडून पाहिला आहे त्याला अनोळखी वाटणार नाही. तसाच दट्ट्या, त्याच्या टोकाला तसाच वाटीच्या आकाराचा चामड्याचा वॉशर, आणि आत गेलेली हवा परत येऊ न देणारी तशीच झडप. स्टोव्ह हा दाब हळूहळू खर्च करतो, बंदुकीला तो एका क्षणात सोडायचा असतो. म्हणून हवेच्या लहानशा कोठीच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक झडप बसवलेली असते. चाप ओढला की स्प्रिंगने ताणलेला हातोडा या झडपेच्या दांडीवर आपटतो, झडप क्षणभर उघडते आणि हवा छर्ऱ्यामागे घुसते. कोठीतला दाबच दोन्ही झडपांना आपापल्या जागी घट्ट दाबून धरतो, त्यामुळे चांगल्या स्थितीतली बंदूक भरलेली हवा दीर्घकाळ धरून ठेवू शकते.

पंप जास्त मारले की जोर वाढतो, पण सरळ हिशोबाने नाही. कोठीतला दाब वाढत गेला की पंपातल्या हवेला त्याहून वर चढल्याशिवाय आतली झडप उघडता येत नाही. त्यातच दट्ट्या आणि झडप यांच्यामध्ये थोडी जागा उरतेच, तिथली हवा आत न जाता तशीच राहते. म्हणून तिसऱ्या पंपाने जेवढा वेग वाढतो तेवढा सातव्याने वाढत नाही. तीनऐवजी आठ पंप मारले तर वेग साधारण दीडपटीच्या आसपास जातो. कारखान्याने घातलेली मर्यादा ओलांडली तर उलटाच परिणाम होतो. आतला दाब झडपेला इतका आवळून धरतो की हातोड्याच्या फटक्याने ती पुरती उघडत नाही. हवा आत अडकून राहते आणि छर्रा मंद जातो. वर दांड्याच्या खिळी आणि सांधे झिजतात ते वेगळेच. मिळणाऱ्या अनेक जुन्या बंदुकांचे सांधे ढिले असतात. जास्त पंप म्हणजे जास्त ताकद असे मानणारे हात त्यांच्यावरून फिरून गेलेले असतात.

दाबलेल्या हवेची बंदूक ही कल्पना जुनी. १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यात गिरार्दोनीची एअर रायफल दाखल झाली. तिच्या दस्त्यातच हवेची टाकी होती आणि ती भरायला सुट्या पंपाचे दीड हजारांच्या आसपास झटके लागत. १८०४ ते १८०६ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागात गेलेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेतही एक एअर रायफल होती आणि तिचे बार काढून वाटेतल्या मूलनिवासी जमातींना चकित केले जाई. पंप बंदुकीच्याच अंगात बसवून ती सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल अशी करण्याचे काम पुढे शंभर वर्षांनी झाले. १९०२ मध्ये सेंट लुईस शहरात बेंजामिन एअर रायफल कंपनी उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या बंदुकांत पंपाची दांडी नळीच्या खाली पुढच्या बाजूने बाहेर येई आणि ती जमिनीवर टेकवून बंदूक खाली दाबावी लागे. ही पद्धत गैरसोयीची तर होतीच, शिवाय पंप मारताना हात आणि अंग नळीच्या तोंडाजवळ येत असल्याने धोक्याचीही होती. बेंजामिनने ती बराच काळ सोडली नाही, हे आज पाहताना नवल वाटते.

क्रॉसमनची सुरुवात बियाण्यांच्या धंद्यातून झाली. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात क्रॉसमन बंधूंची बियाण्यांची पेढी होती. १९२० च्या दशकाच्या पूर्वार्धात तिथे ५.५ मिलिमीटरची पहिली क्रॉसमन पंप रायफल तयार झाली. तिलाही आधी सायकलच्या पंपासारखी दांडी होती, पण लवकरच तिच्या जागी खाली उघडणारा दांडा आला. त्यातून १०१ हे मॉडेल रूढ झाले आणि १९५० च्या सुमारापर्यंत बनत राहिले. आतले भाग पितळेचे, दस्ता लाकडी, आणि हातोडा ताणण्यासाठी मागे ओढायची गोल मूठ अशी तिची ठेवण. सुटे करून पुन्हा जोडायला सोपी असल्यामुळे यातल्या कित्येक बंदुका आजही चालतात.

या साऱ्या घराण्यात जमवणाऱ्यांचा जीव सर्वांत जास्त अडकतो तो शेरीडनमध्ये. विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन गावी ई. एन. वॅकरहेगन आणि रॉबर्ट क्राउस यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर ही बंदूक बाजारात आणली. १९४७ मध्ये आलेल्या ‘सुपर ग्रेड’ या पहिल्या मॉडेलचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा होता, गाल टेकवायला त्यावर उंचवटा होता आणि मागे बारीक भोकातून पाहायची नेमपट्टी होती. किंमत ५६ डॉलर ५० सेंट. त्या काळी एवढ्या पैशांत दारूगोळ्याची खरी .२२ रायफल घेऊन वर काही शिल्लक राहिले असते. गिऱ्हाइकाने सरळ हिशोब केला आणि सुपर ग्रेड फारशी खपली नाही. सुमारे २,१३० बंदुकांनंतर ती बंद झाली. मधले एक स्वस्त मॉडेलही तगले नाही. अखेर अनावश्यक थाट काढून टाकलेले तिसरे मॉडेल चालले. निकेलचा चंदेरी मुलामा असलेली ‘सिल्व्हर स्ट्रीक’ १९४९ च्या सुमारास आली आणि काळसर रंगाची ‘ब्ल्यू स्ट्रीक’ तिच्या मागोमाग. दोघी आतून एकच. जी बंदूक महाग म्हणून दुकानात पडून राहिली तीच आज या छंदातल्या सर्वांत जास्त मागणी असलेल्या बंदुकांपैकी एक आहे, आणि ज्या घरोघर गेल्या त्या स्ट्रीक बंदुका नवशिक्यालाही परवडतात.

शेरीडनने ५ मिलिमीटर हे स्वतःचे माप निवडले. बाजारात चालणाऱ्या ४.५ आणि ५.५ यांच्या मधले. आठ पंपांनंतर ब्ल्यू स्ट्रीकचा सुमारे ०.९ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला जवळपास दोनशे मीटर वेगाने जातो. अमेरिकेत खारी आणि सशांच्या शिकारीसाठी ती लोकप्रिय झाली ती या जोरामुळे. मापाच्या निवडीत धंद्याची चतुराईही होती, कारण बंदूक घेणाऱ्याला छर्रेही तिथूनच घ्यावे लागत. आज मात्र या मापाचे छर्रे मोजकेच मिळतात आणि जुनी शेरीडन घेणाऱ्याला आधी त्यांची सोय पाहावी लागते.

पुढचे वळण स्वस्ताईचे. १९६६ मध्ये क्रॉसमनने ७६० हे मॉडेल काढले. आखूड पंप, हलके वजन, बीबी म्हणजे गोल पोलादी गोळी आणि छर्रा दोन्ही चालतील अशी सोय आणि मुलाच्या वाढदिवसाला घेता येईल अशी किंमत. ही बंदूक लाखोंनी खपली. जत्रेतल्या खेळण्यासारख्या स्प्रिंगच्या बीबी गनसाठी प्रसिद्ध असलेल्या डेझी कंपनीनेही १९७२ मध्ये ८८० हे मल्टी-पंप आणले. पितळ आणि अक्रोडाची जागा पत्रा आणि प्लास्टिकने घेतली. सुरुवातीच्या ७६० बंदुकांचा दस्ता लाकडी होता, म्हणून तेवढ्याच जमवणाऱ्यांच्या नजरेत भरतात. जुनी नावेही एकत्र आली. १९७७ मध्ये बेंजामिनने शेरीडन विकत घेतली आणि १९९० च्या दशकात दोन्ही क्रॉसमनकडे गेल्या.

या बंदुकीने नेमबाजी करणे संथ काम आहे. एका तासात फार बार होत नाहीत आणि दिवसभर आठ-आठ पंप मारले तर खांदा बोलू लागतो. म्हणून कागदावरच्या निशाण्यासाठी जाणकार तीन-चार पंपांवर थांबतात. दहा मीटरवर तेवढे भरपूर होतात. महत्त्वाचे एवढेच की प्रत्येक बाराला पंपांची संख्या तीच हवी. एक पंप कमी-जास्त झाला तर छर्रा वर किंवा खाली लागतो. दांडा पूर्ण खाली न्यायचा, मिटवताना आपटायचा नाही आणि बोटे सांध्यात येऊ द्यायची नाहीत. पंप मारून झाल्यावर मगच छर्रा भरायचा, म्हणजे हात दांड्यावर असताना नळीत काही नसते. मऊ पितळी नळ्यांत पोलादी बीबी घालू नये. आतल्या आट्या घासल्या जातात, आणि पोलादी गोळी कठीण वस्तूवरून उसळून परतही येते. डोळ्यांवर चष्मा आणि निशाण्यामागे छर्रा अडवणारी जाड वस्तू लागतेच. छर्रे शिशाचे असल्याने हात धुतल्याशिवाय खायला बसू नये.

ऑलिंपिकच्या दहा मीटर एअर रायफल स्पर्धेशी या घराण्याचे दूरचे नाते आहे. १९८४ मध्ये हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आला. त्या काळात स्प्रिंगच्या बंदुकांना मागे टाकणाऱ्या काही स्पर्धेच्या रायफली एकाच लांब पंपावर चालत. दर वेळी हवा नेमकी तेवढीच भरली जाई आणि वेग बदलत नसे. पुढे आधीच भरलेल्या नळकांड्यांच्या रायफली आल्या आणि पंपही सुटला.

जुनी मल्टी-पंप विकत घेताना पहिली परीक्षा सोपी असते. दोन-तीन पंप मारून ती सुरक्षित दिशेने धरून काही वेळ ठेवायची आणि मग चाप ओढून हवा सुटल्याचा आवाज ऐकायचा. आवाज आला नाही तर झडपा गळतात. यात घाबरण्यासारखे काही नाही, कारण चामड्याचा वॉशर, रबरी कड्या आणि झडपा बदलता येतात. बहुतेक लोकप्रिय मॉडेलांचे सुटे भाग आजही बनतात. अनेकदा तर वर्षानुवर्षे कपाटात सुकलेला वॉशर तेलाच्या काही थेंबांनीच पुन्हा फुगतो. खरी अडचण असते बेंजामिन आणि शेरीडनच्या डाकाची. त्यांची नळी आणि पंपाची नळी एकमेकींना डाक देऊन जोडलेल्या असतात. हा सांधा सुटला तर घरी दुरुस्त होत नाही. नळीवर चिमटे आवळून दुर्बीण बसवल्यास त्यावर ताण येतो. मागची भोकाची नेमपट्टी या बंदुकांना जास्त शोभते आणि मानवतेही.

किंमत ठरते ती मूळ रंगावरून. बेंजामिनच्या जुन्या बंदुकांवर पितळ, त्यावर निकेल आणि त्यावर काळा थर असे. हात लागून लागून काळा झिजतो, खालचे चंदेरी दिसते आणि शेवटी पिवळे. असे झिजलेले अंग घासून चकचकीत करण्याचा मोह नव्या मालकाला हमखास होतो आणि तिथेच अर्धी किंमत जाते. मूळ खोका, माहितीपत्रक, त्या काळचा छर्ऱ्यांचा डबा सोबत असेल तर भाव चढतो. अमेरिकेतले व्यवहार बहुतांशी ‘ब्ल्यू बुक ऑफ एअरगन्स’ या संदर्भग्रंथातल्या वर्गवारीवर चालतात. मॉडेलांचे उपप्रकार नेमपट्टी, सुरक्षा-खटका, नळीवरची अक्षरे अशा बारकाव्यांवरून ओळखले जातात.

साठवताना बंदुकीत छर्रा कधीच ठेवत नाहीत, पण एक पंप हवा मुद्दाम ठेवतात. त्या दाबाने झडपा बसलेल्या राहतात आणि आत धूळ जात नाही. अर्थात घरात मुले असतील तर ती कुलपातच हवी. हवेची असली तरी ती माणसाचा डोळा घालवू शकते.

भारतात शस्त्र नियम २०१६ नुसार २० ज्यूलपेक्षा जास्त जोराच्या किंवा .१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या नळीच्या एअर रायफलला परवाना लागतो. ब्ल्यू स्ट्रीकचा जोर या मर्यादेच्या काठावर येतो, पण ५ मिलिमीटरच्या नळीमुळे ती परवान्याच्या कक्षेत जातेच. ५.५ मिलिमीटरच्या बेंजामिन आणि क्रॉसमनचेही तसेच. पाखरे मारणे हा तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. अमेरिकेत केंद्रीय कायदा एअरगनला दारूगोळ्याचे शस्त्र मानत नाही, परंतु राज्याराज्यांत फरक आहे. मराठी वस्ती मोठी असलेल्या न्यू जर्सीत एअर रायफलही शस्त्रांच्या व्याख्येत येते आणि ती घ्यायला शस्त्रखरेदीचे ओळखपत्र लागते, मग ती आजोबांच्या काळातली बेंजामिन असली तरी. ब्रिटनमध्ये सुमारे १६ ज्यूलच्या पुढे शस्त्र-प्रमाणपत्र लागते. ही मर्यादा बंदुकीतून किती जोर निघू शकतो यावर ठरते, त्यामुळे मालक तीनच पंप मारत असला तरी आठ पंपांची शेरीडन तिथे प्रमाणपत्राशिवाय ठेवता येत नाही.