मुलगा यूकेला असतो, पण कोणत्या व्हिसावर?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत स्थळ बघताना ‘मुलगा यूकेला असतो’ एवढ्यावर घरचे खूश होतात. पण बायकोला नेता येईल का, हे त्याच्या व्हिसावर ठरतं.

तो ब्रिटिश नागरिक असेल किंवा त्याला तिथे कायम राहायची परवानगी असेल, तर तो स्पॉन्सर करू शकतो. दोघंही १८ पूर्ण हवेत आणि प्रत्यक्ष भेटलेले हवेत. नुसते व्हिडिओ कॉल चालत नाहीत. ११ एप्रिल २०२४ पासून नवीन अर्जांना वर्षाला किमान २९,००० पौंड उत्पन्न लागतं. आधी १८,६०० पुरायचे. आणि हो, तुमचा इथला पगार त्यात धरत नाहीत.

स्किल्ड वर्कर असेल, तर बायको सहसा ‘डिपेंडंट’ म्हणून जाते. तिथे ही २९,००० ची अट नाही. पण ११ मार्च २०२४ नंतर केअर वर्कर म्हणून गेलेल्याला किंवा २०२४ पासून साधं मास्टर्स सुरू केलेल्याला जोडीदार नेता येत नाही.

म्हणून साखरपुड्याआधीच व्हिसाचा प्रकार विचारा. लग्नानंतर महापालिकेत विवाह नोंदणी लगेच करा; फोटोंचा अल्बम म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. अर्ज भरण्याआधी ब्रिटिश सरकारच्या साइटवर ताजे नियम बघाच!