जुन्या लॅपटॉपचे ओव्हरहॉलिंग



गाळप हंगाम संपला की कारखान्यात काय चालते, हे आपणास ठाऊकच आहे. रोलर उतरतात, बेअरिंगे तपासली जातात, बॉयलरच्या नळ्या साफ होतात. यंदा गाळप कमी पडले म्हणून कोणी अख्खी मिल भंगारात काढीत नाही. कोठे अडले ते आधी पाहतात आणि तेवढेच दुरुस्त करतात. घरातल्या लॅपटॉपला मात्र हा न्याय आपण लावीत नाही. सात-आठ वर्षे झाली, सुरू व्हायला पाच मिनिटे लागू लागली, की "टाका हा, नवा घ्या" असे पोरं म्हणतात आणि आपणही मान डोलावतो.

लॅपटॉप आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. सातबारा काढणे, महाडीबीटीवरचा अर्ज, मुलामुलींचा अभ्यास हे सारे त्यावर चालते. आपल्या दिंडोरी तालुक्यात उसाच्या जोडीला द्राक्षबागा आहेत. अपेडाने २००६ साली ग्रेपनेट ही प्रणाली सुरू केली. तेव्हापासून युरोपात जाणाऱ्या द्राक्षांची बागनोंदणी, उर्वरित अंशाची तपासणी ही साखळी संगणकावर आली. कोणते औषध कधी मारले याची नोंद ठेवणारा शेतकरी त्यात तरतो. अशा नोंदी ज्या यंत्रात आहेत, ते यंत्र धड असायला हवे.

१. आधी दप्तर सांभाळा

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी सगळ्या फायलींची नक्कल बाहेरच्या हार्डडिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्यावी. प्रस्तुत लेखकाने येथेच चूक केली. यंत्र संथ झाले म्हणून सगळे पुसून विंडोज नव्याने घातले. लॅपटॉप झकास चालू लागला. पण दोन हंगामांच्या फवारणीच्या नोंदी डेस्कटॉपवर होत्या, त्याही पुसल्या गेल्या. औषधांच्या दुकानातील बिलांवरून त्या पुन्हा जुळविताना आठवडा गेला, आणि तरी पूर्ण जुळल्या नाहीत. म्हणून सांगतो, एक नक्कल घरात आणि दुसरी भावाकडे किंवा मुलीकडे ठेवावी.

२. अडते कोठे ते पाहा

लॅपटॉपमध्ये प्रोसेसर म्हणजे मिल, रॅम म्हणजे गव्हाण आणि हार्डडिस्क म्हणजे केनयार्ड असे समजा. यार्डातून ऊस गव्हाणीत येतो, गव्हाणीतून मिलमध्ये जातो. मिल धडधाकट असली तरी ऊस वेळेवर पोचला नाही तर ती उभीच राहते. जुन्या लॅपटॉपचे बहुधा हेच होते.

ओळखायचे कसे? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने दिसतात. काही विशेष काम चालू नसतानाही डिस्कचा आकडा बराच वेळ शंभर टक्क्यांजवळ असेल, तर अडचण डिस्कची. मेमरी नेहमीच ऐंशी-नव्वदच्या घरात असेल, तर रॅम कमी पडते. हे न पाहता खर्च करणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

३. डिस्क आणि रॅम

जुन्या लॅपटॉपमधील हार्डडिस्कमध्ये एक तबकडी फिरते, बहुधा मिनिटाला ५४०० फेरे. फाइल शोधायला तिचा काटा इकडून तिकडे सरकावा लागतो आणि वेळ तेथेच जातो. तिच्याऐवजी एसएसडी बसविली तर फिरणारा भागच राहत नाही. पाच मिनिटांत सुरू होणारा लॅपटॉप अर्ध्या-पाऊण मिनिटात सुरू झाल्याचा अनुभव अनेकांना येतो. जुनी डिस्क जशीच्या तशी नव्या एसएसडीवर उतरवूनही मिळते.

चार जीबी रॅम असेल तर आठ करावी. मात्र डीडीआर-३ च्या जागी डीडीआर-४ बसत नाही, आणि काही लॅपटॉपमध्ये रॅम पक्की डाखलेली असते, ती वाढविता येत नाही. दुकानात जाताना लॅपटॉपचा मॉडेल नंबर लिहून न्यावा व दोन ठिकाणी भाव विचारावा.

४. बिनखर्ची कामे

टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप' हा भाग आहे. लॅपटॉप सुरू होताच न बोलावता येणारे पाहुणे तेथे दिसतात. ओळखीचे नसेल ते आधी विचारून, मगच बंद करावे. व्हायरसरोधक प्रोग्राम चालू ठेवावा. डिस्कचा साधारण पाचवा हिस्सा रिकामा असावा. ब्राउझरमध्ये वीस-वीस पाने उघडी ठेवू नयेत.

५. धूळ, वीज आणि बॅटरी

आपल्याकडे धुळीला तोटा नाही. पंख्याच्या जाळीत ती साचली की यंत्र तापते, आणि तापले की स्वतःहून वेग कमी करते. गादीवर ठेवून लॅपटॉप वापरू नये. वर्षातून एकदा कारागिराकडून आतली धूळ काढून घ्यावी. ट्रॅक्टरच्या कॉम्प्रेसरची हवा मात्र मारू नका बरं का! त्या हवेत पाणी असते आणि पंखाही भलत्या वेगाने फिरून बिघडतो.

विजा कडाडू लागल्या की चार्जरची पिन काढून ठेवावी. बॅटरी फुगली, कीपॅड वर उचलल्यासारखे दिसले, तर वापर ताबडतोब थांबवावा. ती दाबू नये, टोचू नये, पेट घेते.

६. विंडोज १० चे काय?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सेवा थांबविली. लॅपटॉप त्यामुळे बंद पडत नाही, पण चोरवाटा बुजविणे थांबते. घरगुती वापरासाठी नोंदणी करणाऱ्यांना सुरक्षा-दुरुस्त्यांची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झाली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा.

ज्यांचा लॅपटॉप त्यात बसत नाही, त्यांना लिनक्सचा मार्ग आहे. लिनक्स मिंट फुकट मिळते व चार जीबी रॅमवर चालते. पत्रे, हिशेब, इंटरनेट ही कामे त्यावर होतात. पण टॅली किंवा जुन्या मराठी फॉन्टचे खास प्रोग्राम त्यावर सरळ चालत नाहीत. आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहावे, मगच बसवावे.

७. निरोप केव्हा द्यावा?

मदरबोर्ड गेला, पडदा फुटला, बिजागरी तुटली आणि दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर जाऊ लागला, तर हट्ट धरू नये. तेव्हाही आतली डिस्क काढून घ्यावी आणि बाकीचे ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावे. उकिरड्यावर टाकू नये, जाळू तर मुळीच नये.

फळछाटणी झाली की फवारण्या सुरू होतात आणि रोजच्या नोंदींना हाताला उसंत मिळत नाही. त्याआधी, पावसाळ्यातल्या एखाद्या रिकाम्या दुपारी, लॅपटॉप उघडून बसा. आणि पहिले काम कोणते? नक्कल घेण्याचे.