बिअरमध्ये आंबा घातला, गोडवा कुठे गेला?

मेलबर्न, ऑकलंड किंवा लीड्सला स्थायिक झालेल्या मराठी घरांच्या गॅरेजात कधी ना कधी प्लॅस्टिकचं एक पिंप येऊन बसतं. सोबत १.७ किलोचा डबा असतो. त्यात हॉप्सचा कडूपणा आधीच उतरलेला मॉल्टचा घट्ट, चिकट अर्क आणि झाकणाखाली यीस्टची पुडी. अर्क गरम पाण्यात विरघळवायचा, किलोभर साखर किंवा डेक्स्ट्रोज घालायचं, थंड पाणी ओतून २३ लिटर करायचं, यीस्ट भुरभुरवायचं आणि पिंप १८ ते २२ अंशांत ठेवून द्यायचं. आंबवण संपली की बाटल्या भरायच्या. ॲडलेडच्या कूपर्सचे डबे असोत नाहीतर इंग्लंडच्या मंटन्सचे, कृती साधारण हीच.

पहिली खेप बरी जमते. दुसऱ्या खेपेला हात शिवशिवतात. कपाटात हापूसच्या रसाचा डबा आहे, वेलची आहे, गावाहून आलेली आमसुलं आहेत, मग घालून बघायला काय हरकत आहे? हरकत काहीच नाही. फक्त या टप्प्यावर मित्रमंडळींकडून जे सल्ले मिळतात, त्यांतले निम्मे ऐकीव असतात.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरला लागणारा परवाना १९६३ मध्ये रद्द झाला. अमेरिकेत जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने स्वतःपुरती बिअर करायला केंद्राची मोकळीक मिळाली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्येही ती आहे. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय कोणतीही दारू तयार करणं गुन्हा आहे, आणि बिअर त्याला अपवाद नाही. तेव्हा पुढचं सगळं तिकडच्या गॅरेजांपुरतं.

“फळ घातलं की बिअर गोड होते”

सगळ्यात जास्त निराशा हा समज करतो. आंब्याचा गर घालतात आणि महिन्याभराने बाटली उघडली की हाती येते कोरडी, किंचित आंबट, आंब्याची नुसती चाहूल असलेली बिअर. कारण साधं आहे. फळातली साखर म्हणजे ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि सुक्रोज, आणि या तिन्हींवर यीस्ट ताव मारतं. उरतो तो वास, थोडा आंबटपणा, थोडा तुरटपणा. आंब्याची ओळख आपल्या जिभेला गोडव्यासकटच असते. गोडवा काढून घेतला की वास असूनही तो ओळखू येत नाही.

मधाची गत याहून वाईट. त्यातली जवळजवळ सगळी साखर आंबते, त्यामुळे मध घातलेली बिअर साध्या बिअरपेक्षा कोरडी लागते. गुळाचं थोडं बरं असतं. त्याची साखर जाते, पण करपूस खमंगपणा मागे राहतो.

गोडवा हवाच असेल तर यीस्टला न पचणारी साखर घालावी लागते, ती म्हणजे लॅक्टोज, दुधातली साखर. बिअरच्या यीस्टकडे ती फोडण्याचं साधनच नाही. केंट परगण्यातल्या मॅकेसनची ‘मिल्क स्टाउट’ विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून याच युक्तीवर चालत आली. २३ लिटरला २५० ते ५०० ग्रॅम लॅक्टोज पुरतं. मात्र ज्यांना दूध पचत नाही त्यांना ग्लास हातात देण्याआधी सांगायला हवं.

मला विचाराल तर आंब्यापेक्षा कोकम करून बघा. त्याची ओळख मुळात आंबटपणाची, आणि तो यीस्ट खाऊन टाकत नाही. आमसुलांना मीठ लावलेलं असेल तरी बिघडत नाही. जर्मनीत लाइपझिगची ‘गोझ’ नावाची बिअर आंबट असते आणि तिच्यात मीठ व धने घालायची रीतच आहे. बाटलीतलं कोकम सरबत ओतणार असाल तर लेबल वाचा. पोटॅशियम सॉर्बेट किंवा सोडियम बेंझोएट असलं तर यीस्टचं काम अडखळतं.

“फळाने बिअर कडक होते”

हिशेब करून पाहू. दोन किलो ताज्या आंब्याच्या गरात साधारण २८० ग्रॅम साखर असते. त्यातून जेमतेम १८० मिलिलिटर मद्यार्क तयार होईल. पण त्याच गरासोबत दीड लिटरहून अधिक पाणीही आलं. साडेचार टक्क्यांची बिअर फार तर ४.९ वर जाते. पिंपात आधी टाकलेली किलोभर साखर याच्या कितीतरी पट काम करून बसलेली असते.

“सगळं पहिल्याच दिवशी घालावं, म्हणजे चांगलं मुरतं”

लोणच्याचा न्याय इथे चालत नाही. २३ लिटरची साडेचार टक्क्यांची बिअर आंबताना चारशे लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि जाताना सुगंध घेऊन जातो. गॅरेजात दरवळणारा आंब्याचा घमघमाट म्हणजे बाटलीत न पोचलेला आंबा. म्हणून फळ घालायचं ते पहिली उसळी ओसरल्यावर, साधारण चौथ्या ते सहाव्या दिवशी. त्यानंतर फळाची साखर आंबायला किमान आठवडाभर सवड द्यायची.

हॉप्सचंही असंच आहे. त्यांचा कडूपणा उतरायला उकळावं लागतं आणि ते काम कारखान्यात झालेलं असतं. शेवटच्या चार दिवसांत टाकलेले २५ ते ५० ग्रॅम हॉप्स वास देतात, कडूपणात फारशी भर घालत नाहीत. ‘आधीच कडू आहे, आणखी नको’ म्हणून घाबरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मसाल्यांसाठी माझी पसंती व्होडकाला. वेलची ठेचून किंवा व्हॅनिलाची शेंग चिरून पाच-सहा दिवस थोड्या व्होडकात बुडवून ठेवायची. मग तयार बिअर १०० मिलिलिटर मोजून घ्यायची आणि ड्रॉपरने थेंब थेंब टाकत चाखायचं. प्रमाण जमलं की ते २३० ने गुणायचं, म्हणजे २३ लिटरचा आकडा मिळतो. या अर्कात साखर नसते, त्यामुळे तो बाटल्या भरायच्या दिवशीही घालता येतो. लवंगेच्या बाबतीत तर हाच मार्ग, कारण पिंपात पडलेली जास्तीची लवंग परत काढता येत नाही.

“लवंगेचा वास येतो म्हणजे लवंग घातलीय”

बव्हेरियातली गव्हाची बिअर प्यायल्यावर बऱ्याच जणांना असं वाटतं. तिच्यात ना लवंग असते ना केळं, पण वास दोन्हींचा येतो. केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेट या संयुगाचा, लवंगेचा ४-व्हिनिल ग्वायकॉलचा. दोन्ही यीस्टच तयार करतं. डब्याच्या झाकणाखालची पुडी बाजूला ठेवून गव्हाच्या बिअरचं यीस्ट टाकलं, तर त्याच कृतीतून वेगळीच बिअर निघते. स्वादाचे प्रयोग करणाऱ्याने मसाल्याच्या डब्याआधी यीस्ट बदलून पाहावं. खर्च एका पुडीचा आणि आटापिटा शून्य.

“खरी बिअर म्हणजे फक्त बार्ली, हॉप्स आणि पाणी, बाकी सगळी भेसळ” असं ठणकावून सांगणारेही भेटतात. ते १५१६ च्या बव्हेरियन फर्मानाचा दाखला देतात. ते फर्मान बव्हेरियापुरतं होतं. युरोपात हॉप्स सर्वत्र रुळण्याआधी शतकानुशतकं बिअरमध्ये रानवनस्पतींचं मिश्रण घालत. बेल्जियमच्या पांढऱ्या बिअरमध्ये तर आपले धने आणि संत्र्याची साल पडते. ती बिअर लुप्त झाली होती. १९६० च्या दशकात हूगार्डन गावच्या पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्याने तिला पुन्हा उभं केलं. किटमध्ये करून पाहायची तर २३ लिटरला १०-१५ ग्रॅम धने भरडून पुरतात. सालीचा पांढरा भाग मात्र खरवडून काढा.

“फळ आंबवलं की मेथनॉल होतं, डोळे जातात”

ही भीती आपल्याकडून गेलेल्यांच्या मनात जास्त असते, आणि तिला कारण आहे. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. पण ते मेथनॉल आंबवण्यातून आलेलं नव्हतं. उद्योगात वापरलं जाणारं रसायन दारूत मिसळलं होतं. यीस्ट साखरेपासून इथेनॉल बनवतं. फळातल्या पेक्टिनपासून अल्पसं मेथनॉल सुटतं हे खरं, पण ते साध्या फळांच्या रसातही असतं. दोन किलो आंब्यातून २३ लिटरमध्ये येणारं प्रमाण घातक पातळीच्या आसपासही जात नाही. घरात दारू गाळणं मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेत परवान्याशिवाय तो गुन्हाच आहे.

जंतूंबद्दलचा एक समज जाता जाता. फळ फ्रीजरमध्ये ठेवलं की निर्जंतुक होतं, असं मानतात. गोठवल्याने पेशी फुटतात आणि रस लवकर सुटतो, म्हणून ते उपयोगी आहे. पण रानटी यीस्ट आणि जिवाणू त्यात नुसते झोपतात. गर ७० अंशांवर दहा मिनिटं धरला की बहुतेक काम होतं. खळखळून उकळला तर पेक्टिनमुळे बिअर गढूळ होते. डबाबंद रस आधीच तापवलेला असल्याने हा खटाटोप वाचतो. जंतूंखेरीज तेलाचंही भान हवं, कारण खोबरं किंवा दाण्यांचं तेल फेस मारतं. म्हणून चॉकलेटची चव हवी तर वडीऐवजी भाजलेल्या कोकोच्या बिया घ्या.

“बाटली भरताना चमचाभर रस घातला तर काय होतंय”

बाकीच्या चुकांनी बिअर बिघडते, ही चूक माणसाला इजा करते. बाटलीत बिअर फसफसावी म्हणून लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम साखर घालतात. लिटरमागे ४ ग्रॅम साखर म्हणजे बिअरच्या आकारमानाएवढा वायू. आंबवण संपल्यावर थोडा वायू बिअरमध्ये उरलेला असतोच. सगळं मिळून अडीच पट होतो, आणि तेवढा पुरे असतो. आता तेच दोन किलो आंबे पिंपाऐवजी बाटल्यांत वाटले, तर लिटरमागे ११ ग्रॅम साखर वाढते. वायू पाच पटींच्या पुढे जातो. साधी बिअरची बाटली एवढ्यासाठी बनवलेली नसते, आणि फुटली तर काचा चहूकडे उडतात.

पिंपातलं फळ पुरतं आंबलं का, हे झाकणावरच्या एअरलॉकमधल्या बुडबुड्यांवरून ठरवू नये. झाकण सैल असलं तर आंबवण चालू असूनही बुडबुडे थांबतात. घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचं वाचन दोन-तीन दिवस तेच आलं, तरच बाटल्या भराव्यात. गराचे तुकडे बाटलीत जाऊ नयेत म्हणून बारीक जाळीची पिशवी वापरावी. फळाची पहिली खेप काचेऐवजी जाड प्लॅस्टिकच्या बाटल्यांत भरलेली बरी, कारण त्या दाबून आतला ताण कळतो. बाटली दगडासारखी कडक लागली की सगळ्या बाटल्या फ्रीजमध्ये ठेवाव्यात. पुरत्या गार झाल्यावर चेहरा दूर ठेवून झाकण जरासं सैल करावं, वायू सोडावा आणि पुन्हा आवळावं.