मशीन घेण्याआधी फळी बघा

पश्चिम किनाऱ्यावर 1 जूनला मासेमारीबंदी लागते, ती 31 जुलैपर्यंत. या 61 दिवसांत होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी सांधायला काढलेली असतात. गेल्या मोसमात ज्यांच्या मशीननं भर समुद्रात दगा दिला, त्यांच्या घरात एकाच गोष्टीचा खल चाललेला असतो: नवं कोणतं घ्यायचं? किनाऱ्यावर मशीन म्हणजे आउटबोर्ड, होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं इंजिन. चर्चा एचपीपासून सुरू होते आणि किमतीवर येऊन थांबते. पण होडी जुनी असेल, तर एचपीचा प्रश्न बराच नंतरचा. नव्या मशीनचं वजन आणि जोर या होडीला पेलणार आहे का, हे आधी ठरायला हवं.

जुन्या फायबरच्या होड्या टू-स्ट्रोक मशीन डोळ्यांसमोर ठेवून बांधलेल्या आहेत. चाळीस एचपीचं टू-स्ट्रोक साधारण सत्तर-ऐंशी किलोच्या घरात बसतं, त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक शंभर किलोच्या आसपास जातं. फरक कागदावर पंचवीस-तीस किलोंचा. पण तो पडतो होडीच्या अगदी शेवटच्या टोकाला. दोन मशीनं असतील तर एक धडधाकट माणूस दिवसरात्र मागच्या काठावर बसवून ठेवल्यासारखं होतं. मागची बाजू खाली जाते, नाळ वर उचलते, डेकवरचं पाणी बाहेर टाकणारी भोकं पाण्याखाली जातात आणि जिथून पाणी जायचं तिथूनच ते आत येऊ लागतं.

याची परीक्षा बिनखर्चाची आहे. जुन्या आणि नव्या मशीनचं वजन माहितीपुस्तकात दिलेलं असतं. दोन्हींतल्या फरकाएवढी वाळू गोणीत भरायची, जुनं मशीन जागेवर ठेवूनच ती गोणी मागच्या फळीला बांधायची आणि खाडीच्या शांत पाण्यात होडी नेहमीसारखी भरायची: बर्फ, इंधन, जाळी, खलाशी, सगळं. मग पाणी कुठवर चढलं ते खडूनं आखून घ्यायचं. ती खूण बघून पुष्कळदा एचपीचा हट्ट आपोआप सुटतो. बंदीआधीच, मे महिन्यात हे केलं तर उत्तम.

आता फळी. फायबरच्या होडीची मागची फळी दिसते एकसंध, पण बहुतेक होड्यांत आत प्लायवूड असतं आणि त्यावर दोन्ही बाजूंनी फायबरची कातडी. मशीनचे बोल्ट त्यातून आरपार जातात. वर्षानुवर्षं त्या भोकांतून पाणी मुरतं आणि प्लायवूड आतल्या आत कुजतं. बाहेरून रंग चकचकीत, आत भुसा. लहान हातोडीनं फळीवर इंचाइंचावर ठोकत जा. चांगल्या जागी आवाज टणक येतो, कुजलेल्या जागी बद्द. बोल्टांच्या आसपास आणि खालच्या कोपऱ्यांत जास्त लक्ष द्या. संशय आला तर आतल्या बाजूनं बारीक ड्रिल मारून भुगा हातात घ्या. कोरडा, फिकट असेल तर ठीक. काळपट, ओलसर आणि कुबट वासाचा असेल, तर त्या फळीवर नवं मशीन चढवू नका. आणखी एक खूण: मशीनचा पाय वर उचलून लॉक करा, खालचं टोक धरून जोरानं दाबा आणि त्या वेळी दुसऱ्याला फळीकडे बघायला सांगा. फळी लवताना दिसली तर उत्तर मिळालं.

कुजलेली फळी बदलता येते. आतली कातडी कापायची, सडकं लाकूड खरवडून काढायचं, नवं मरीन प्लाय रेझिनमध्ये बसवायचं, वरून फायबर चढवायचं. काम किचकट आहे, खर्चिकही आहे, पण होतं. मात्र ओल्या लाकडावर रेझिन धरत नाही. आषाढात उघड्या शेडमध्ये हे काम उरकण्याची घाई करू नका.

फळीची उंचीही मोजून घ्या. आउटबोर्डच्या शाफ्टची लांबी साधारण 15, 20 किंवा 25 इंचांत मिळते. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते, ती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा तिच्या इंचभर खाली यावी. शाफ्ट आखूड पडला तर लाटेच्या माथ्यावर पंखा हवा ओढतो, मशीन किंचाळतं आणि होडी जागच्या जागी राहते. ओहोटीला खाडीच्या मुखाशी लाटा फुटत असताना असं झालं, तर होडी आडवी व्हायला वेळ लागत नाही. शाफ्ट फार लांब असला तर पाणी विनाकारण कापत राहतो आणि वाळूच्या पट्टीवर आधी पंखाच घासतो.

यानंतर एचपी. भरलेली, जड होडी पाणी बाजूला सारत चालते, पाण्यावर उचलली जात नाही. अशा होडीच्या वेगाला तिची लांबीच लगाम घालते. पाण्यातली लांबी फुटांत घेऊन तिचं वर्गमूळ काढायचं आणि 1.34 नं गुणायचं, म्हणजे वेग नॉटमध्ये मिळतो. 25 फुटांना हा हिशेब 6.7 नॉटवर, म्हणजे ताशी साडेबारा किलोमीटरच्या आतबाहेर येतो. निमुळत्या होड्या याच्या थोड्या पुढे जातात, पण त्यापलीकडे वाढवलेला एचपी मागची बाजू पाण्यात रुतवतो आणि इंधन पितो. होडी हलकी, तळाला सपाट आणि धावायला बांधलेली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे कमी ताकदीचं मशीन सतत पूर्ण थ्रॉटलवर रगडलं जातं आणि लवकर मरतं. आपली होडी या दोहोंतली कोणती, हे तांडेलाला विक्रेत्यापेक्षा नक्की जास्त कळतं. गोव्यात आणखी एक हिशेब असतो: तिथल्या बंदीतून सवलत मिळते ती 10 एचपीपर्यंतच्या, गिलनेट वापरणाऱ्या नोंदणीकृत होड्यांना. त्यामुळे 9.9 एचपीच्या मशीनला तिथे वेगळंच मोल आहे.

ताकद विकत घेतली तरी ती पाण्यात उतरते पंख्यातून, आणि हा भाग आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित आहे. मशीनबरोबर येतो तो पंखा बसवला की काम संपलं, असं समजलं जातं. पूर्ण थ्रॉटलवर मिनिटाला किती फेरे पडायला हवेत, हे माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं. पुष्कळ फोर-स्ट्रोकना ते 5000 ते 6000 असतात. होडी भरलेली असताना टॅकोमीटर लावून बघा. फेरे त्या पट्ट्याखालीच अडकले, तर पंख्याची पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो जेवढं पुढे सरकायला बघतो ते अंतर, जास्त आहे. पिच एक इंच कमी केली की साधारण दोनशे फेरे वाढतात. जड होडीसाठी मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा पंखा आणि तो फिरवू शकणारं जास्त रेटा देणारं मॉडेल मिळालं, तर दहा एचपी अधिक घेण्यापेक्षा मी ते आधी घेईन.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, यावर बंदरात वाद पेटतो. टू-स्ट्रोक हलकं, स्वस्त, पान्ह्यांच्या एका संचावर उघडणारं. पण 50:1 प्रमाणानं 25 लीटर पेट्रोलला अर्धा लीटर ऑइल दर वेळी मोजून घालावं लागतं, आणि बरंच इंधन न जळताच धुराबरोबर निघून जातं. फोर-स्ट्रोकला पूर्ण थ्रॉटलवर दर एचपीमागे ताशी सुमारे 0.3 लीटर पेट्रोल लागतं. जुन्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकला साधारण त्याच्या तिसऱ्या हिश्श्यानं जास्त. रोज लांब जाणाऱ्याला हा फरक थोड्या मोसमांत किंमत वसूल करून देतो. खाडीच्या तोंडाशी दोन तास जाळं टाकून परतणाऱ्याला देईलच असं नाही.

पेट्रोलचाच एक नवा प्रश्न उभा आहे. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि बहुतेक आउटबोर्ड कंपन्यांनी मर्यादा घातली आहे 10 टक्क्यांची. इथेनॉल दमट हवेतलं पाणी शोषतं. हे पाणी प्रमाणाबाहेर साचलं की इथेनॉल-पाण्याचा थर टाकीच्या तळाशी वेगळा होतो आणि मशीनला नेमका तोच आधी मिळतो. जुने रबरी पाइपही इथेनॉलनं सुजतात. म्हणून नव्या मशीनबरोबर पाइप नवे, पाणी वेगळं करणारा फिल्टर नवा, आणि बंदीच्या काळात टाकी रिकामी. 20 टक्के इथेनॉल या मशीनला चालेल का, हे विक्रेत्याला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

कंपनीचं नाव बघून घेऊ नका, सुटे भाग बघून घ्या. ओले एविनरूड यांनी 1909 मध्ये अमेरिकेत आउटबोर्ड बाजारात आणलं. त्या नावाच्या मशीनचं उत्पादन 2020 मध्ये थांबलं. एवढं जुनं नाव बंद होऊ शकतं, तर दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर काय विसंबायचं? इम्पेलर, थर्मोस्टॅट, पंख्याची पिन आणि झिंकचे तुकडे आपल्या बंदरापासून तासाभरात मिळतात का, आणि इंजेक्शनचं मशीन असेल तर त्याची तपासणी करणारा मेकॅनिक जवळ आहे का, एवढं विचारा. नसेल तर कार्ब्युरेटरचं साधं मॉडेल घेतलेलं बरं.

एक मोठं की दोन लहान? दूर जाणाऱ्याला दोनाचा मोह होतो, आणि तो रास्त आहे. पण दोन्ही एकाच टाकीवर असतील तर पाणी मिसळलेल्या पेट्रोलनं दोन्ही एकाच वेळी बंद पडतात. शिवाय वजन आणि देखभाल दुप्पट. जुन्या होडीसाठी मला एक भरवशाचं मशीन आणि जोडीला परत आणण्यापुरतं एक छोटं, हा मार्ग जास्त पटतो. जुनं टू-स्ट्रोक छोटं असेल आणि अजून चालत असेल, तर भंगारात देऊ नका. गोड्या पाण्यानं धुऊन, इम्पेलर बदलून, वेगळ्या ब्रॅकेटवर चढवा, त्याला स्वतःची पाच-दहा लीटरची टाकी द्या आणि महिन्यातून एकदा बंदरातच चालवून बघा. त्याचं वजन मात्र वाळूच्या गोणीत सुरुवातीलाच धरायला विसरू नका.